मालकाचं घड्याळ

बायको गेल्यावर तिच्या विड्यांच्या डब्यात पुरुषाचं मनगटी घड्याळ सापडलं. माझं नव्हे. माझ्या हाताला उभ्या जन्मात घड्याळ नव्हतं. आधी गिरणीचा भोंगा होता. गिरणी बुडाल्यावर यंत्रमागाच्या कारखान्यात भिंतीवर घड्याळ होतं. घरी आलं की ती ताट वाढायची, तेव्हा जेवायची वेळ. मला घड्याळ कशाला लागतंय?

ती आजारी पडल्यावर आम्ही दोघं पोराच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो होतो. जुनं घर नुसतं कुलूप लावून पडलं होतं. दोन खोल्या, वर माळवद, पुढं वीतभर ओटा. त्याच ओट्यावर मांडीवर सूप घेऊन ती विड्या वळायची. सगळं सोलापूर वळतं तशी तीही वळायची. तिचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात दोऱ्याची रिळं, कात्री, पान कापायचा साचा. त्या डब्याला घरात कुणी हात लावायचा नाही. तंबाखूचा वास मारायचा, म्हणून कुणी लावतही नव्हतं. तिचं दिवसकार्य झाल्यावर मी घर झाडायला म्हणून गेलो आणि डबा उघडला. तिची कात्री हातात घ्यावीशी वाटली, एवढंच. रिळांच्या खाली हातरुमालाची पुरचुंडी होती. सोडली, तर आत घड्याळ.

ते बंद होतं. मी त्याच्या बाजूचं बोंडुक दोन बोटांत धरून दोन वेळा फिरवलं, आणि ते चालायला लागलं.

विंचू टाकावा तसं मी ते खाली टाकलं. खरं सांगतो, घाबरलो. जुनी वस्तू पडून पडून मरते. गंजते, अडकते. हे तर जणू कालपर्यंत चालत होतं. म्हणजे कुणीतरी त्याची निगा राखत होतं. माझ्या घरात, माझ्या पाठीमागं.

आणि तिथंच मला तिचं दवाखान्यातलं बोलणं आठवलं. शेवटी शेवटी ती फार बोलत नव्हती. किडन्या गेल्या होत्या, अंग सुजलं होतं, डोळे सुद्धा पुरते उघडायचे नाहीत. पण एक गोष्ट रोज म्हणायची.

"अवो, त्याला चावी द्या."

मी विचारायचो, कुणाला गं? तर डोळे मिटून घ्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सून म्हणाली, मामा, ह्यांनाच द्या म्हणत असतील, जुन्या घराची. आम्हाला पोरगा एकच, दुसरं कोण असणार? म्हणून मी करगोट्याला अडकवलेली चावी सोडली आणि तिच्या डोळ्यांदेखत पोराच्या हातात दिली. ती बघत राहिली. आम्हाला वाटलं, जीव निवला. दुसऱ्या सकाळी पुन्हा म्हणाली, चावी दिली का त्याला? दिली की, मी म्हणालो. जरा खेकसूनच म्हणालो. रात्रभर बाकड्यावर बसून माझंही डोकं फिरलं होतं.

आता हातात घड्याळ घेऊन बसलो, तर तो 'त्याला' भलताच दिसायला लागला. हा आपल्या पोराबद्दल नव्हताच. कुणीतरी आहे. त्याचं घड्याळ हिच्या डब्यात आहे, आणि मरताना त्याला आपल्या घराची चावी द्या म्हणून ही मला सांगत होती. मला, नवऱ्याला. आपलं माणूस मेलं की ते आहे तसं आपल्याजवळ राहतं, अशी माझी समजूत होती. रडायला तेवढंच हातात असतं. तेही कुणी काढून घेईल, ह्याची मला जी भीती वाटली, तसली भीती तिला सरणावर ठेवतानाही वाटली नव्हती.

पट्टा हाताला लावून बघितला. माझं मनगट मागवाल्याचं, जाडजूड. पट्ट्याचं टोकाला टोक लागेना. एका भोकाभोवती चामडं ताणून लांबट झालं होतं, म्हणजे घालणारा तिथं बांधायचा. बारीक हाडाचा माणूस. पोरगेलासा.

घरी नेऊन पोराला दाखवावं असं एकदाही वाटलं नाही. आईबद्दल त्यानं काही विचारलं असतं, तर मी काय सांगणार होतो? सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं. जेवताना ते छातीवर टकटक करायचं आणि मला वाटायचं, सुनेला ऐकू जातंय. सून म्हणाली, मामा, जेवा की, नुसतं ताटाकडं काय बघताय.

मग ठरवलं, एवढं तरी कळू दे की हे घड्याळ कधीचं. लग्नाआधीचं असलं तर एक गोष्ट. माझ्या पदरात पडायच्या आधीचं ते तिचं. नंतरचं असलं तर मग माझ्या चुलीपुढं, मी पाळीवर गेल्यावर. माझा सगळा संसार एका सालावर टांगला होता.

आमच्या जुन्या घराकडून पेठेत जाताना जिन्याखाली काचेचं एक खोकं टाकून घड्याळजी बसतो. पन्नाशीचा मुसलमान माणूस. त्याच्या बापापासूनचं दुकान. चावीची घड्याळं आता तो एकटाच बघतो, बाकीचे सेल बदलून देतात. त्यानं डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळ कानाशी नेलं. मला म्हणाला, चाचा, चीज चांगली हाय, देऊन टाकताय का? मी म्हणालो, द्यायचं नाही, किती साल जुनं आहे तेवढं सांग.

त्यानं सांगितलं, ते स्विस आहे. सेकंदाचा काटा मोठ्या काट्यांबरोबर नाही, खाली छोट्या गोलात निराळा आहे, तसली जुनी. काट्यांवरचं रेडियम काळं पडलंय. असलं रेडियम आता कुणी लावत नाही. धक्का सोसायची सोय त्यात नाही, ती पुढं आली. "तुमी पाळण्यात असाल तवाचं," म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला. म्हणालो, मग लग्नाच्या लई आधीचं झालं की.

"कुणाच्या लग्नाच्या?" त्यानं विचारलं. मी खोक्याची काच बोटानं पुसली. तो म्हणाला, घड्याळाचं वय निराळं आणि ते हातात आल्याचं वय निराळं. असली घड्याळं चार हात फिरून येतात. कुणाकडं कधी आलं, ते मशीन सांगत नाही. झालं, जीव पुन्हा भांड्याबाहेर.

मग त्यानं मागचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं ओरखडल्यासारखी बारीक अक्षरं होती. तो म्हणाला, घड्याळ धुतलं, तेल घातलं की कारागीर आत आपली खूण करतो. पुन्हा आलं तर ओळखायला. भिंग माझ्या डोळ्याला लावून दिलं. मला सगळं तरंगताना दिसलं, पण सगळ्यात वरची खूण ओळखू आली. वाचता आली नाही. मी चौथी शिकलेला, तीही मराठी. पण कर्नाटकाच्या एसटीच्या पाटीवर असतात तसली ती गोल गोल अक्षरं होती. कानडी.

माझी बायको अक्कलकोटच्या पलीकडची. माहेरी सगळं कानडी. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीत मीठ सुद्धा मागता येत नव्हतं. म्हणजे घड्याळ तिकडचं. तिच्याबरोबर आलं. आधीचं ठरलं. मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण घड्याळजी पुढच्या खुणांवर सुईचं टोक फिरवत होता. ही माझ्या वालिदची, म्हणाला. ही पण. ही पण. आणि खालच्या ह्या माझ्या.

तो भिंग काढून माझ्याकडं बघायला लागला. म्हणाला, आठवलं. एक बाई आणायची. हातरुमालात बांधून. दर दोन-चार सालांनी यायची, धुवून घ्यायची. पट्टा बदलू का म्हणलं तर नको म्हणायची, पट्ट्याचं काम नाही.

मी विचारलं, कुणाचं आहे म्हणून सांगायची?

"मालकाचं हाय म्हणायची. एवढंच. मालकाचं हाय, बंद पडू देऊ नका."

आमच्याकडं बायका नवऱ्याला मालक म्हणतात. तिचा मालक मी. आणि मी तर ते घड्याळ कधी डोळ्यानं बघितलं नव्हतं.

तो म्हणाला, तुमी कोण त्यांचे?

मी म्हणालो, शेजारी.

"बऱ्या हायेत ना त्या?"

"बऱ्या हायेत," मी म्हणालो. घड्याळ खिशात घातलं आणि चालायला लागलो. चौकापर्यंत मागं वळून बघितलं नाही. तिचा नवरा नाही म्हणालो आणि मेलेलीला जिती केली, दोन्ही एका दमात.

त्यानंतर मी माणसांची मनगटं बघायला लागलो. देवळात, तलावाच्या कट्ट्यावर, एसटीत. म्हातारी-म्हातारी माणसं, त्यांचे कपाळ-डोळे मी बघायचोच नाही, हात बघायचो. विडी कारखान्यात माल तपासून घेणारा एक माणूस होता, किडकिडीत. विड्या टाकायला गेली की ती त्याच्याशी कानडीत बोलायची आणि हसायची. त्याला तर मरून कितीतरी वर्षं झाली. तरी मी त्याच्या गल्लीतून जाऊन आलो. घराला रंग दिला होता, दारात नातवंडाची सायकल होती. माझी मलाच लाज वाटली. पण भीतीला लाज नसते. परत फिरलो तरी ती बरोबर आली.

रोज सकाळी घड्याळ बंद पडलेलं असायचं किंवा पडत आलेलं असायचं, आणि मी हात लावायचा नाही म्हणायचो. मग लावायचो. बंद असलं की वाटायचं, तो गेला. चालू असलं की वाटायचं, तो आहे.

शेवटी अक्कलकोटला मेव्हणीकडं गेलो. बायकोची धाकटी बहीण. तीही माझ्यासारखीच एकटी, पण तोंडानं तिखट. ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मला बघून म्हणाली, "या दाजी, अक्का गेल्यावर वाट सापडली व्हय आमच्या घराची?" चहा टाकला. पोराचं विचारलं. माझा सदरा मळलाय म्हणाली. चहा पिऊन झाल्यावर घड्याळ काढलं आणि शेंगांच्या टरफलांत ठेवलं.

तिनं हात मागं घेतला.

"इन्नू अद एन?" अजून आहे होय हे, असं तिच्या तोंडून निघालं. कानडी मला थोडं कळतं. इतक्या वर्षांत तेवढं कळणारच.

मी म्हणालो, कुणाचं आहे ते सांग. खरं सांग. मी आता तिला मारायला जाणार आहे की काय?

ती बराच वेळ टरफलं गोळा करत बसली. मग सांगितलं ते असं. माझ्याआधी तिच्या अक्काची सोयरीक दुसरीकडं ठरली होती. साखरपुड्यात माझ्या सासऱ्यानं त्या पोराच्या हाताला घड्याळ बांधलं. जुनंच, कुणाकडून तरी घेतलेलं, पण स्विस. लग्नाचे मांडव पडायच्या आधी त्या पोराला ताप चढला आणि तापातच तो गेला. त्याच्या घरच्यांनी घड्याळ परत आणून दिलं. ते बंद होतं. तापात पडल्यावर त्याला चावी द्यायचं कुणाला सुचणार? पण माझ्या सासूनं उलटं धरलं. घड्याळ बंद पडलं म्हणून पोरगं गेलं.

पोरगी पांढऱ्या पायाची, असं बोलायला लोक टपलेलेच होते. म्हणून माझं स्थळ आल्यावर सगळ्यांनी तोंड शिवलं. ते घड्याळ मला द्यायचा प्रश्नच नव्हता. मेलेल्याची वस्तू नव्या जावयाच्या हाताला कोण बांधतंय? मला पितळेची घागर आणि धोतरजोडी मिळाली. माझी आई वर्षानुवर्षं तिला टोचत राहिली, जावयाला साधं घड्याळ सुद्धा दिलं नाही तुझ्या बापानं. ती ऐकून घ्यायची. डबा तिच्या मांडीशीच असायचा.

मेव्हणी म्हणाली, पाठवणीच्या आधी आईनं अक्काला चुलीजवळ बसवून घड्याळ दिलं. मी तेव्हा लहान, आईला चिकटून बसले होते. आई म्हणाली, "रोज चावी दे. बंद पडू देऊ नकोस. हा तरी राहू दे तुझ्या कपाळाला."

हा म्हणजे मी.

मी म्हणालो, आणि ती देत राहिली? इतकी वर्षं?

"मला काय ठावं, दाजी. मला वाटलं, कवाच फेकलं असंल. एवढी येडी असंल अक्का, असं वाटलं न्हवतं."

मग मी तिला दवाखान्यातलं सांगितलं. रोज म्हणायची, त्याला चावी द्या, आणि आम्ही पोराला घराची चावी दिली. मेव्हणी म्हणाली, मी बघायला आले होते तेव्हा मलाही म्हणाली होती. कानडीत. 'अदक्क कीली कोड.'

कानडीत माणसाला म्हणायचं असलं तर 'अवंग' म्हणतात. 'अदक्क' म्हणजे वस्तूला. मराठीत दोन्हीला 'त्याला'च. माणूसही 'त्याला' आणि घड्याळही 'त्याला'. शिकून शिकून तिनं माझी भाषा शिकली, आणि माझ्या भाषेनं मरताना तिला दगा दिला. मेव्हणीला शब्द कळला होता, पण तिला वाटलं, दाराच्या कुलपाबद्दल बोलतेय. म्हणून तीही आत्तू, आत्तू, झालं, झालं, म्हणून परत आली.

आम्ही दोघं तिथं बसलो. ती पदर तोंडाला लावून रडली. मला रडू आलं नाही. इतके दिवस बाईच्या मनात कोण होता म्हणून घाबरलो. कोण नव्हता. ती स्वतःच रोज सकाळी घाबरून उठत होती, माझ्यासाठी, आणि मी शेजारी घोरत होतो.

मेव्हणी म्हणाली, तलावात टाकून द्या ते. आता कशाला? ज्याच्यासाठी होतं ते होऊन गेलं. मी हो म्हणालो. तिनं भाकरी बांधून दिली. घराबाहेर पडलो.

तलावाकडं वळलो नाही. स्टँडवर आलो. सोलापूरची गाडी लागायची होती. बाकड्यावर बसलो आणि मग ते डोक्यात आलं, जे मेव्हणीच्या पण मनात आलं असणार आणि ती बोलली नसणार. घराला कुलूप लावून आम्ही पोराकडं गेलो, त्या दिवसापासून घड्याळाला चावी नव्हती. ते डब्यात बंद पडलं होतं. तिच्या आईच्या हिशोबानं जायचा होतो मी. आणि गेली ती.

आमच्याकडं म्हणतात, दुसऱ्यावरचं अंगावर घेणं. पोरावरचं आई घेते. मी असल्या गोष्टी मानत नाही. किडन्या गेल्या, डॉक्टर म्हणाले, ह्या वयात असं होतंच. मी तेच धरून बसलो. पण अंगावर काटा आला तो बसेना. भर दुपारी, उन्हात, इतक्या माणसांत.

ती गेल्यापासून मी भेटेल त्याला सांगत होतो, आता मला कशाला ठेवलंय, मला पण न्या. पोराला सांगितलं. सुनेला सांगितलं. दिवसकार्याला आलेल्या भावकीला सांगितलं. मनापासूनच सांगत होतो, असं मला वाटायचं.

खिशात हात घातला. कानाशी धरलं तर स्टँडच्या गलक्यात काही ऐकू येईना. चालू आहे का बंद, कळेना. छोटा काटा बघायला गेलो तर डोळ्यांना दिसेना. शेजारी बसलेल्या बाईला विचारलं, बाई, हा काटा फिरतोय का बघा. ती ते हातात घेऊन म्हणाली, कुठला? तिच्या हातातून मी ते ओढूनच घेतलं आणि चावी द्यायला लागलो. बोंडुक निसटत होतं, पुन्हा धरत होतो. बाई माझ्याकडं बघत जरा सरकून बसली. मला जगायचं होतं. म्हातारा, एकटा, तिच्यामागं, तरी मला जगायचं होतं, आणि हे मला तिथं बाकड्यावर कळलं. चावी पुढं जाईना, आत काहीतरी घट्ट लागलं, तेव्हा कुठं मी बोटं सोडली.

गाडी लागली. माणसं धावली. मी भाकरीची पिशवी उचलली आणि सगळ्यांच्या मागनं चढलो.